मिमेसिस

मिमेसिस ही प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञान, काव्यशास्त्र व कलाविचार यांतील एक मध्यवर्ती संकल्पना आहे. काव्य, नाट्य, संगीत, नृत्य, चित्र आणि शिल्प या सर्वांचे वास्तवाशी असलेले नाते ग्रीकांनी या एका शब्दात सांगितले. मराठीत त्यासाठी 'अनुकृती' आणि 'अनुकरण' हे प्रतिशब्द रूढ आहेत. तथापि मराठीत अनुकरण म्हटले की नक्कल आणि नक्कल म्हटले की कमअस्सलपणा, अशी अर्थाची घसरण सहज होते. ग्रीक शब्दाचा पैस त्याहून बराच मोठा असल्याने या लेखात मूळ शब्दच वापरला आहे.

शब्दाचा उगम

'मिमोस' या ग्रीक शब्दाचा अर्थ सोंग आणणारा, नकला करणारा. लोकजीवनातील प्रसंग रंगविणाऱ्या एका छोट्या नाट्यप्रकारालाही मिमोस म्हणत. सिराक्यूझ येथील सोफ्रॉन हा इ.स.पू. ५ व्या शतकातील लेखक त्यासाठी प्रसिद्ध होता. अपोलोला उद्देशून रचलेल्या होमरी स्तोत्रात डेलॉस बेटावरील कुमारिकांचे वर्णन आहे. त्या निरनिराळ्या लोकांच्या बोलण्याचा असा हुबेहूब आविष्कार करीत की ऐकणाऱ्याला आपणच बोलत आहोत असे वाटावे. एस्किलसच्या एका लुप्त नाटकाच्या अवशेषात, डायोनिससच्या उत्सवात बैलाच्या आवाजात हंबरणाऱ्या 'मिमोसां'चा उल्लेख येतो. या जुन्या वापरांत वस्तूची प्रतिकृती करणे अभिप्रेत नसून स्वतःच्या देहाने व आवाजाने दुसरे कोणीतरी होणे अभिप्रेत आहे. त्या दृष्टीने मराठीतील 'सोंग' हा शब्द 'अनुकरणा'पेक्षा मुळाच्या अधिक जवळचा ठरतो.

हेरमान कोलर या अभ्यासकाने १९५४ साली असे प्रतिपादन केले की या शब्दाचा मूळ अर्थ नृत्य-संगीतातील आविष्कार असा होता व 'नक्कल' हा अर्थ नंतर आला. जेराल्ड एल्स यांनी १९५८ मध्ये त्यास आक्षेप घेतला. हेरोडोटसने मेजवानीत फिरविल्या जाणाऱ्या प्रेताच्या ईजिप्शियन लाकडी प्रतिमेसाठीही याच धातूचे रूप वापरले आहे. यावरून इ.स.पू. ५ व्या शतकात शब्दाचा वापर निर्जीव प्रतिमांपर्यंत पोहोचला होता, एवढे निश्चित होते.

प्लेटोपूर्व विचार

विणकाम कोळ्याकडून, घरबांधणी पाकोळीकडून आणि गायन हंस व बुलबुल यांच्याकडून माणूस अनुकरणाने शिकला, असे डेमॉक्रिटसचे मत होते. वस्तू संख्यांच्या अनुकरणाने अस्तित्वात असतात असे पायथागोरसपंथीय मानीत, अशी नोंद ॲरिस्टॉटलने केली आहे. झेनोफनच्या 'मेमोराबिलिया' या ग्रंथात सॉक्रेटिस पऱ्हेसियस या चित्रकाराला विचारतो, की ज्याला आकार नाही, रंग नाही, त्या मनाचे चित्र काढता येते काय? येत नाही, असे चित्रकार म्हणतो. तेव्हा स्नेह आणि वैर माणसाच्या नजरेत दिसतात की नाही, असा प्रतिप्रश्न करून सॉक्रेटिस त्याच्याकडून होकार मिळवितो.

प्लेटो

प्लेटोने (इ.स.पू. सु. ४२७–३४७) मिमेसिसचा विचार 'रिपब्लिक' या संवादात दोनदा केला असून दोन्ही ठिकाणी अर्थ एक नाही. वाचकांचा गोंधळ पुष्कळदा येथेच होतो.

तिसऱ्या पुस्तकात मिमेसिस म्हणजे पात्राच्या तोंडून बोलणे. कवी स्वतः हकिकत सांगतो ते निवेदन. तो पात्राचा आवाज घेतो ते मिमेसिस. उदाहरणादाखल सॉक्रेटिस 'इलियड'च्या आरंभीचा ख्रायसिस पुरोहिताचा प्रसंग संवाद वगळून सरळ गद्यात सांगून दाखवितो. आक्षेप नैतिक आहे. लहानपणापासून घेतलेली सोंगे अंगवळणी पडतात, म्हणून नगराच्या रक्षकांनी भ्याडाचे किंवा दुर्वर्तन्याचे सोंग घेऊ नये. ग्रीक मुले होमर पाठ करीत, मोठ्याने म्हणत आणि त्यातूनच जग शिकत, हे ध्यानात घेतले म्हणजे या आक्षेपाचे गांभीर्य कळते. वाद करमणुकीचा नव्हता. मुलांना कोणी घडवावे, कवीने की तत्त्वज्ञाने, असा होता.

दहाव्या पुस्तकात पलंगाचा प्रसिद्ध दाखला येतो. पलंगाचे सत्स्वरूप एकच, ते ईश्वरनिर्मित. सुतार त्याकडे पाहून पलंग करतो. चित्रकार सुताराच्या पलंगाचेही केवळ एका बाजूने दिसणारे रूप रंगवितो. आरसा हाती घेऊन फिरणाराही क्षणात सूर्य, पृथ्वी, प्राणी 'निर्माण' करू शकेल, असा टोलाही सॉक्रेटिस लगावतो. अशा रीतीने चित्रकार, आणि त्याच्यासोबत शोकांतिकेचा कवी, सत्यापासून तिसऱ्या पायरीवर पडतो. शिवाय काव्य शोकादी भावनांना खतपाणी घालते, हा आरोप निराळाच.

प्लेटोने सर्व कवींना हद्दपार केले, हे सर्रास केले जाणारे विधान अचूक नाही. देवांची स्तोत्रे आणि सज्जनांची स्तुतिगीते यांना त्याने नगरात जागा ठेवली. बालपणापासून होमरविषयी वाटणारे प्रेम व आदर सॉक्रेटिस तेथेच बोलून दाखवितो आणि काव्याचा बचाव कोणी गद्यात करील तर ऐकण्याची तयारीही दर्शवितो. 'सोफिस्ट' या संवादात मूळ प्रमाण राखणारी प्रतिमा आणि पाहणाऱ्याच्या दृष्टीला प्रमाणबद्ध भासावी म्हणून मापे बदलून केलेली प्रतिमा असा भेद केला आहे. भव्य मूर्तींचे वरचे भाग खालून लहान दिसतात, म्हणून शिल्पकार ते मोठे घडवीत. स्वतः प्लेटोचे संवाद म्हणजे मिमेसिसच, ही गोष्ट ॲरिस्टॉटलच्या नजरेतून सुटली नाही. त्याने सॉक्रेटिसविषयक संवादांचा उल्लेख सोफ्रॉनच्या नकलांच्या जोडीने केला आहे.

ॲरिस्टॉटल

प्लेटोने मागितलेला बचाव त्याच्याच शिष्याने 'पोएटिक्स'मध्ये केला, असे म्हणण्यास हरकत नाही. (या ग्रंथाचे मराठी विवेचन गो. वि. उर्फ विंदा करंदीकर यांनी 'ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र' या नावाने केले आहे.) कलांचे भेद माध्यम, विषय आणि पद्धती यांवरून होतात. अनुकरण मनुष्याला उपजत असून त्याचे पहिले शिक्षण त्यातूनच होते. प्रत्यक्षात पाहवत नाहीत अशा गोष्टींची, उदाहरणार्थ प्रेतांची वा ओंगळ प्राण्यांची, रेखीव चित्रे आपण आवडीने पाहतो. कारण 'हा तो' अशी ओळख पटण्यात शिकण्याचा आनंद असतो.

शोकांतिका ही त्याच्या मते माणसांची नव्हे, तर कृतीची अनुकृती. म्हणून तो कथानकाला स्वभावचित्रणापेक्षा वरचे स्थान देतो. इतिहास घडलेले सांगतो, काव्य संभाव्यतेच्या वा अपरिहार्यतेच्या नियमाने घडू शकेल ते सांगते. यास्तव काव्य अधिक तत्त्वज्ञानात्मक ठरते. येथे आरशाचा दाखला निकालात निघतो, कारण जे अद्याप घडलेलेच नाही त्याचे प्रतिबिंब आरशात पडत नाही. कवीने वस्तू जशा आहेत, जशा असल्याचे लोक सांगतात किंवा जशा असाव्यात, यांपैकी कोणत्याही प्रकारे दाखवाव्यात अशी मुभा तो देतो. हरिणीला शिंगे नसतात हे चित्रकाराला ठाऊक नसणे हा किरकोळ दोष. ती ओळखू न येणे हा मोठा.

शिल्प व चित्रकला

ग्रीक फलकचित्रे जवळजवळ सर्व नष्ट झाल्यामुळे त्यांविषयीची माहिती मुख्यतः प्लिनी (इ.स. १ ले शतक) याच्यासारख्या रोमन लेखकांकडून मिळते. झ्यूक्सिसने रंगविलेल्या द्राक्षांवर पक्षी झेपावले, पण पऱ्हेसियसने रंगविलेला पडदा खरा समजून खुद्द झ्यूक्सिसच तो दूर करावयास सांगू लागला, ही आख्यायिका त्याचीच. मिमेसिसचे उदाहरण म्हणून ती नेहमी दिली जाते. वस्तुतः ती दृष्टिभ्रमाची कथा आहे. पॉलिक्लिटसचा भालाईत (इ.स.पू. सु. ४४०) अधिक बोलका आहे. मूळ ब्राँझ शिल्प उरले नाही. पाँपेई येथे सापडलेली संगमरवरी रोमन प्रत नेपल्सच्या संग्रहालयात आहे. ते कोणा एका व्यक्तीचे चित्रण नसून अवयवांच्या परस्पर प्रमाणांचा सिद्धान्तच तेथे देहरूपाने उभा आहे.

उत्तरकाळ

फिलोस्ट्रॅटसने (इ.स. ३ रे शतक) अपोलोनियसच्या चरित्रात मिमेसिसवरील एक संभाषण तक्षशिलेच्या मंदिरात घडल्याचे दाखविले आहे. पांढऱ्या रेषांनी काढलेला भारतीय मनुष्यही पाहणाऱ्याला सावळाच दिसतो, कारण पाहणाऱ्याचे मनही अनुकृतीत सहभागी असते, असा तेथील मुद्दा. याच ग्रंथात पुढे कल्पनाशक्तीला मिमेसिसहून शहाणी म्हटले आहे. फिडियसने झ्यूस कोणत्याही नमुन्यावरून घडविला नाही, असे प्लॉटिनसनेही सांगितले. आधुनिक काळात एरिक आऊअरबाखचा 'मिमेसिस' (१९४६) हा ग्रंथ महत्त्वाचा.

भारतीय नाट्यविचारातील समांतर चर्चा

नाट्य हे अनुकरण आहे काय, हा प्रश्न भरताच्या 'नाट्यशास्त्रा'वरील 'अभिनवभारती' या अभिनवगुप्ताच्या टीकेतही आला आहे. श्रीशंकुकाने चित्रातील घोड्याच्या दाखल्याने अनुकरणाची बाजू मांडली. अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत यांनी ती खोडून काढली. रामाला प्रेक्षकांपैकी कोणीच पाहिलेले नाही, मग नटाचा अभिनय रामाचे अनुकरण आहे हे कोणी ओळखावे, असा त्यांचा सवाल होता. मूळ वस्तू पूर्वी पाहिलेली नसेल तर चित्राचा आनंद ओळखीचा नसून कौशल्याचा व रंगाचा असतो, असे 'पोएटिक्स'च्या चौथ्या प्रकरणात म्हटले आहे.