‘ए ००.१’ या अंकामागचे हाजी

रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची दहावी आवृत्ती जागतिक आरोग्य सभेने १९९० साली मंजूर केली. तिच्यात कॉलऱ्याला, म्हणजे आपल्या पटकीला, ‘ए ००’ हा संकेतांक आहे. त्याचे पोटभाग पाहताना आम्ही ‘ए ००.१’पाशी थांबलो. हा अंक ‘एल टोर’ प्रकारच्या जंतूने होणाऱ्या पटकीचा आहे. दवाखान्यातल्या नोंदीत तो मुकाट्याने लिहिला जातो. पण हे एल टोर म्हणजे काय?

एल टोर म्हणजे अरबीतले अत्‌-तूर, सिनाईच्या किनाऱ्यावरचे एक बंदर. हज करून उत्तरेकडे परतणाऱ्या यात्रेकरूंना इथल्या छावणीत अडवून ठेवले जाई. हिंदुस्थानातून निघालेल्यांची अशीच तपासणी तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर होई. या धास्तीला कारण होते. १८६५ साली मक्केत पटकीने हजारो हाजी दगावले आणि साथ इजिप्तमार्गे युरोपात पोहोचली. पुढच्याच वर्षी कॉन्स्टॅन्टिनोपलला आंतरराष्ट्रीय परिषद भरली. हाजी तेव्हापासून युरोपच्या नजरेत संशयित ठरला.

१९०५ मध्ये फेलिक्स गॉटश्लिख यांना तूरच्या छावणीत मरण पावलेल्या काही हाजींच्या आतड्यांत हा जंतू सापडला. गंमत अशी, की त्या हाजींना पटकीची लक्षणे नव्हती. त्यामुळे हा जंतू खऱ्या पटकीचा की निराळा, हा वाद कित्येक वर्षे चालला. १९६१ साली इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरून याच जंतूची जागतिक साथ निघाली, १९६४ मध्ये ती भारतात आली, आणि वादाला अर्थ उरला नाही.

साथ सुलावेसीची, नाव मात्र तूरचे! यात्रेच्या गर्दीतून रोग पसरला हे आम्ही नाकारत नाही. तपासणीही निव्वळ छळ नव्हती. पण पटकी पसरते ती घाण पाण्यातून. पाणी पिणाऱ्याचा मजहब ती विचारत नाही.

नव्या रोगांना गावांची वा जमातींची नावे देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले. २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत पटकीचा अंक ‘१ए००’ झाला. अंक बदलतात. जंतूला गावाचे नाव मिळाले. ज्यांच्या देहांतून तो हाती लागला, त्या हाजींना मात्र कोणत्याच कोष्टकात जागा मिळाली नाही. निदान आपण तरी त्यांची आठवण ठेवू या.