चाकणचा किल्लेदार

चित्रकथा नुकत्याच वाचूं लागलेल्या मुलाचें मन कोणावर बसतें, हें पाहण्यासारखें असतें. पानोपानीं जिंकणाऱ्या वीराचें तो कौतुक करतो. जीव मात्र लावतो तो बहुधा मार खाणाऱ्या, चुकणाऱ्या, ऐन वेळीं तोंडघशीं पडणाऱ्या एखाद्या पात्रास. पाश्चात्त्य चित्रकथाकारांनीं ही ओढ फार लवकर ओळखली. १९३४ सालीं पडद्यावर आलेलें डोनल्ड नांवाचें चिडखोर बदक सदोदित फजीत होत आलें, आणि त्या फजितीनेंच लोकांस तें प्रिय झालें. १९६२ सालीं स्टॅन ली व स्टीव्ह डिट्को यांनीं निर्माण केलेला स्पायडरमॅन हा तर पैशाच्या विवंचनेंत असलेला आणि आपल्याच बेफिकिरीमुळें चुलता गमावून बसलेला एक विद्यार्थी. आपल्या साहित्यशास्त्रांत 'प्रतिनायक' हा शब्द आहे. पण तो नायकाचा वैरी, रामासमोरचा रावण. ह्या डागाळलेल्या आणि तरीही आवडत्या माणसास तें नांव शोभत नाहीं. नांवावांचून प्रेम अडत नाहीं, हा भाग निराळा. कर्णावर महाराष्ट्राची किती माया आहे, हें १९६७ सालीं प्रसिद्ध झालेल्या शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय' कादंबरीला लाभलेला वाचकवर्गच सांगेल.

पण कर्ण रणांत पडला. जो पडला नाहीं, शरण गेला आणि जगला, त्याच्यावर आपण माया करूं शकतों काय? हा प्रश्न आम्हांस एका लहान वाचकानें घातला. अर्थात् ह्या शब्दांत नव्हे. पिंपरीच्या कामगार वस्तींतील हा मुलगा शिवचरित्राची सचित्र पुस्तकें नव्यानेंच वाचूं लागला होता. त्यांत त्याला चाकणचा फिरंगोजी नरसाळा भेटला, इतर कोणाहूनहि अधिक आवडला, आणि तो विचारता झाला, "ह्याचें पुढें काय झालें?" पुस्तकांत तें नव्हतें. बहुतेक पुस्तकांत नसतें.

नासिकच्या वाटेवरील चाकण आज मोटारींच्या कारखान्यांमुळें सर्वांस ठाऊक आहे. तेथील संग्रामदुर्ग हा भुईकोट. पाठीशीं डोंगर नाहीं, कडा नाहीं, भोंवतीं काय तो खंदक. फिरंगोजी तेथें शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासूनचा किल्लेदार. १६४७ सालीं दादोजी कोंडदेव वारल्यावर तो शिवाजीमहाराजांस येऊन मिळाला. २१ जून १६६० रोजीं शाएस्तेखानाच्या अफाट फौजेनें ह्या कोटास वेढा घातला. आंत तीनचारशें माणसें होतीं असें परंपरा सांगते. बाहेरून कुमक येण्याची आशा नव्हती, कारण खुद्द महाराज त्या वेळीं सिद्दी जौहरच्या वेढ्यांत पन्हाळ्यावर अडकले होते. तरी पावसाळ्याचे जवळजवळ दोन महिने कोट लढला. १४ ऑगस्टला मोगलांनीं ईशान्येच्या बुरुजाखालीं सुरुंग उडविला. बुरुज गेला, आंत घुसूं पाहणाऱ्यांस मात्र मराठ्यांनीं आधींच रचून ठेवलेला मातीचा उंच बांध आडवा आला आणि ती रात्र त्यांस उघड्यावर काढावी लागली. दुसऱ्या दिवशीं कोट पडला. राव भावसिंग हाडा यांच्या मध्यस्थीनें फिरंगोजीनें बालेकिल्ला सोडला. जदुनाथ सरकारांच्या हिशेबाप्रमाणें मोगलांचे २६८ ठार व ६०० जखमी झाले. सपाटीवरच्या एका कोटास एवढी किंमत, तर डोंगरी किल्ल्यांस किती पडेल, हा हिशेब खानासहि करतां येत असला पाहिजे. त्यानें फिरंगोजीस बादशाही चाकरी देऊं केली. फिरंगोजीनें ती नाकारली.

त्याच पावसाळ्यांत, १३ जुलैस, घोडखिंडींत बाजीप्रभु पडले. एकाच संकटाचीं हीं दोन टोंकें. परंतु खिंडीवर पोवाडे झाले, शाळेच्या पुस्तकांत धडे आले, आणि चाकण तळटीपेंत राहिलें. बाजीप्रभूंच्या थोरवीस ह्यानें बाध येत नाहीं. मेलेल्या माणसाची कथा पूर्ण होते. जगलेल्याची पुढें चालू राहते, आणि पुढें काय होईल याचा भरंवसा चरित्रकारास नसतो, एवढेंच आमचें म्हणणें.

फिरंगोजीचें पुढें जें झालें तें असें. महाराजांनीं पराभवाबद्दल त्यास दोष दिला नाहीं. उलट त्याचा सन्मान केला, आणि पुढें भूपाळगड त्याच्या स्वाधीन झाला. हा गड आजच्या सांगली जिल्ह्यांत, खानापूर तालुक्यांत, बाणूर गांवीं आहे. १६७८ च्या डिसेंबरांत युवराज संभाजीराजे दिलेरखानास जाऊन मिळाले, आणि १६७९ च्या एप्रिलांत खान भूपाळगडावर आला तो युवराजास बरोबर घेऊन. तोफ डागावी तर समोर धन्याचा पुत्र. न डागावी तर धन्याचा गड जातो. परंपरा सांगते कीं फिरंगोजीचा हात चालला नाहीं. गड गेला. हातीं लागलेल्यांपैकीं सातशें जणांचा एकेक हात दिलेरखानानें तोडविला.

चित्रकथेचें पान येथें थांबतें तें उगीच नव्हे. चाकणचा फिरंगोजी रंगविणें सोपें. भूपाळगडचा रंगवितांना त्याच्या चेहऱ्यावर काय दाखवावें? भ्याडपणा म्हणावा तर चाकण आड येतें. निष्ठा म्हणावी तर ते सातशें हात आड येतात. चरित्रकारांनीं दुसरा गड वगळून पहिल्यावरच पडदा पाडला, आणि एक निर्दोष वीर तयार केला. आमच्या मतें ही त्याच्यावर कृपा नव्हे. लहान वाचकाची माया चाकणच्या विजयावर जडली नव्हती, कारण तेथें विजय नव्हताच. सारें अवसान आणूनहि शेवटीं दार उघडावें लागलेल्या माणसावर ती जडली होती. अशा वाचकास दुसरा गड सोसवणार नाहीं, असें धरून चालण्यास आधार काय? आम्हीं त्यास सारें सांगितलें. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "पण समोर युवराजच होते ना?"

युवराज त्याच वर्षाच्या अखेरीस परत आले, आणि पित्यानें त्यांस पन्हाळ्यावर जवळ केलें. जुन्या बखरकारांनीं त्यांच्याविषयीं पुष्कळ कठोर लिहिलें. परंतु मार्च १६८९ मध्यें औरंगजेबानें त्यांस हालहाल करून मारविलें, आणि त्या मरणानें दिलेरखानाकडे घालविलेलें तें वर्ष लोकांच्या मनांतून जवळजवळ पुसून टाकलें. भीमा-इंद्रायणीच्या संगमावरील तुळापूर चाकणाहून फार लांब नाहीं. तेथें आजहि माणसें दर्शनास जातात. चाकणच्या कोटाचा थोडा तट आणि कांहीं बुरुज उरले आहेत. कारखान्यांच्या बसगाड्या त्या गांवांतून रोज धांवतात.