बांध कोणी घातले, बांध कोण राखणार?



बांधणाऱ्याचे नाव इतिहास कधीमधी घेतो. डागडुजी करणाऱ्याचे सहसा घेत नाही. वास्तविक कोणतेही काम पिढ्यान्‌पिढ्या उभे राहते ते दर पावसाळ्यानंतर निसटलेला दगड पुन्हा जागेवर बसविणाऱ्या हातांमुळे. आज आम्ही ज्या मुलखाची हकीकत सांगणार आहोत, तेथे ही गोष्ट उघड्या डोळ्यांना दिसते.

फिलिपाईन्स देशातील लुझोन बेटाच्या उत्तरेस कॉर्डिलेरा नावाची पर्वतराजी आहे. तेथे इफुगाव ही आदिवासी जमात राहते. ह्या लोकांनी डोंगरांचे उभे उतार कोरून, दगडामातीचे बांध घालून भातखाचरांच्या पायऱ्या रचल्या आहेत. कोकणात किंवा मावळात उतारावरची खाचरे ज्यांनी पाहिली असतील त्यांना थोडीफार कल्पना येईल. मात्र तेथे एकावर एक अशा पायऱ्या चढत जाऊन अख्खी डोंगरबाजू व्यापतात, आणि वरच्या ओहोळाचे पाणी पाटांनी खाली खेळविलेले असते.

ह्या खाचरांचे वय किती, ह्याविषयी विद्वानांत वाद आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ओटली बेयर व रॉय बार्टन ह्या अमेरिकन अभ्यासकांनी ती दोन-तीन हजार वर्षांपूर्वीची असावीत असा अंदाज केला आणि शाळेच्या पुस्तकांपर्यंत तोच रूढ झाला. अलीकडे स्टीफन अकाबादो ह्या पुरातत्त्वज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी उत्खनन करून, कार्बन-कालमापनाच्या आधारे निराळे मत मांडले आहे. त्यांच्या मते तेथे आधी अळूची लागवड होती, आणि पाण्यातील भातशेतीचा मोठा विस्तार स्पॅनिश लोक लुझोनमध्ये आल्यानंतर झाला. १५७१ साली स्पेनने मनिला घेतले. पुढे त्याचा अंमल उत्तरेच्या खोऱ्यांकडे सरकू लागला, तेव्हा लोक डोंगरात वर सरकले आणि तेथे त्यांनी ही शेती वाढविली. हे मत खरे ठरले तर ह्या खाचरांचे मोल कमी होते काय? आम्हांस तसे वाटत नाही. थोड्या शतकांत एवढे काम उभे राहिले असेल तर त्यामागील माणसांची जूट अधिकच मोठी मानावी लागेल. स्पेनला हा मुलूख पुरता कधीच जिंकता आला नाही, हे ध्यानात घेता ही खाचरे म्हणजे एका स्वतंत्र समाजाची शिदोरीच होती.

ही जूट चालत कशी होती? कोणा राजाच्या हुकुमाने हे काम झालेले नाही. प्रत्येक खाचरसमूहाच्या वर 'मुयोंग' म्हणजे राखलेले रान असते. ते पाणी धरून ठेवते, माती अडविते आणि सरपणही पुरविते. गावात एका घराण्याला पहिल्या लावणीचा मान असतो. त्याचे शेत लागले की इतरांनी हात घालायचा. त्यामुळे पाण्याचे आणि माणसांचे वेळापत्रक आपोआप जुळते. 'उब्बू' म्हणजे आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या शेतात. आपण ह्याला सावड म्हणतो. 'बड्डांग' म्हणजे परतफेडीचा हिशोब न ठेवता केलेली मदत; ती आपल्या इर्जिकीच्या जवळची. पेरणीच्या व कापणीच्या वेळी 'हुडहुड' ही दीर्घ गाथा गाइली जाते, आणि तिचे नेतृत्व बहुधा वयस्क स्त्रिया करतात. परंतु ह्या समाजाला रामराज्य समजण्याचे कारण नाही. 'कडांग्यान' म्हणविणारे श्रीमंत घरंदाज तेथेही होते, भूमिहीन गरीबही होते. श्रमाची वाटणी होती, तशी मानाचीही होती.

१९९५ साली युनेस्कोने ह्या खाचरांच्या पाच समूहांस जागतिक वारशाचा मान दिला. अवघ्या सहा वर्षांत, २००१ साली, त्यांचे नाव धोक्यातील वारशाच्या यादीत गेले. सुमारे पाव ते तीस टक्के खाचरे ओस पडली होती. बांध ढासळत होते. कारणे गूढ नाहीत. तेथील जुने भात 'टिनावोन' वर्षातून एकदाच पिकते. त्याच लुझोन बेटावरील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ साली आणलेल्या 'आयआर-८' सारख्या झटपट वाणांनी सखल मुलखात वर्षाला दोन पिके निघू लागली. डोंगरातील शेतकरी ह्या शर्यतीत मागे पडला. १९८० नंतरच्या दशकात खाण्यासाठी म्हणून आणलेली परदेशी गोगलगाय खाचरांत पसरली आणि कोवळी रोपे फस्त करू लागली. तरुण मंडळी शिकून मजुरीसाठी शहरात गेली. बांध माणसाने राखायचा आणि माणसाला त्यावर पोट भरता येत नाही, मग बांध पडणारच!

ह्यावर स्थानिक लोकांनीच हालचाल केली. २००० साली इफुगाव खाचरांच्या रक्षणासाठी एक चळवळ संघटित झाली. बाहेरच्या पाहुण्यांनी नुसती छायाचित्रे काढून न जाता चार दिवस चिखलात उतरावे, लावणीत व बांधदुरुस्तीत हात लावावा, असे दौरे सुरू झाले. सरकारी व आंतरराष्ट्रीय प्रयत्नांचीही जोड मिळाली आणि २०१२ साली धोक्याच्या यादीतून ते नाव काढण्यात आले.

अशा हौशी श्रमदानाची थट्टा करण्याचे कारण नाही. शहरात वाढलेला तरुण एक दिवस दगड वाहतो तेव्हा दगडाचे वजन त्याला प्रथमच कळते. परंतु कामगारांच्या संघटनेत वावरलेल्या आम्हांस तीन प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही.

पहिला: पाहुणा फुकट काम करतो तेव्हा रोजावर काम करणाऱ्या गावकऱ्याची मजुरी बुडते काय? पाहुण्याने कसबी माणसाच्या हाताखाली मदतनीस व्हावे, आणि त्या कसबी माणसाला त्याचे पुरते दाम मिळावे. दगडी बांध रचणे ही पिढीजात विद्या आहे. चुकीचा दगड बसला तर पहिल्या वादळी पावसात खालची खाचरेही जातात.

दुसरा: पाहुण्यांनी भरलेला पैसा कोठे जातो? खाणावळवाला आणि गाडीवाला ह्यांच्याजवळच तो थांबला तर बांधाला काय मिळाले? किआंगान येथे २०१० साली २०० किलोवॅटचे एक लहान जलविद्युत केंद्र उभे राहिले आणि त्याचे उत्पन्न खाचरांच्या जपणुकीसाठी राखण्याची योजना झाली. डोंगराच्या पाण्याने डोंगराचीच मजुरी भागवावी, हा विचार आम्हांस मोलाचा वाटतो.

तिसरा प्रश्न मानाचा आहे. १९०४ साली अमेरिकेतील सेंट लुईसच्या प्रदर्शनात ह्याच कॉर्डिलेरातील इगोरोट लोकांना वस्ती करून देऊन तमाशासारखे मांडले होते. आजचा पाहुणा हातात फावडे घेऊन आला म्हणून तो तमासगीर उरत नाही, असे नाही. काम काय, केव्हा आणि कसे, हे गाव ठरवीत असेल तर तो मदतीला आलेला शेजारी. पाहुण्याच्या सुट्टीप्रमाणे गावाचे वेळापत्रक बदलत असेल तर गावच त्याचे नोकर झाले.

इफुगावांच्या बड्डांगमध्ये ह्या तिन्ही प्रश्नांचे उत्तर आहे. तेथे बोलावणारा घरचा असतो, येणारा त्याच्या शब्दाने चालतो, आणि काम संपल्यावर बांध ज्याचा त्याचाच राहतो. बाहेरच्या मदतीने बांध काही दिवस सावरेल. तो टिकायचा असेल तर त्या डोंगरातील मुलामुलींना तेथेच राहून, ताठ मानेने, पोटभर जेवून तो राखता आला पाहिजे.