पीस आणि कसर

गळावर लोकर, केस आणि पिसे दोऱ्याने आवळून मासा भुलेल असा किडा घडवण्याची, म्हणजेच कृत्रिम माशी बांधण्याची कला निदान अठराशे वर्षांची आहे, इ. स. २००च्या सुमारास ईलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातील कोळी गळाला तांबडी लोकर गुंडाळून तीवर कोंबड्याची मेणाच्या रंगाची दोन पिसे बसवीत असल्याची नोंद केली आहे. पीस अंगणातल्याच कोंबड्याचे असल्यामुळे ते टिकवण्याची चिंता तेव्हा फारशी नसावी. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये सामन माशासाठीच्या माश्या भारतातील आणि दक्षिण अमेरिकेतील पक्ष्यांच्या पिसांनी नटू लागल्या, आणि दूरदेशीची महाग कातडी वर्षानुवर्षे जपणे भाग पडले.

पीस आणि केस ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात, ते सहसा कुजत नाही. कुजते ती त्याखालची चरबी आणि कातडी. परंतु ज्या थोड्या जीवांना केराटिन पचते, त्यांत कसरीच्या अळ्या येतात, आणि म्हणूनच या जपणुकीचा इतिहास हा मुख्यतः कसरीशी झालेल्या झगड्याचा इतिहास आहे. मेट्झ येथील औषधविक्रेता ज्यां-बाप्तिस्त बेकर याने अठराव्या शतकात सोमल, कापूर, साबण, चुना आणि क्षार यांचे मिश्रण तयार केले, त्याची कृती मात्र हयातभर गुप्त ठेवली. तो लेप लावलेल्या कातड्यांना कीड लागत नसे, पण त्यांतला सोमल हाताळणाऱ्यालाही तितकाच घातक असल्यामुळे संग्रहालयांतील जुने नमुने आजही हातमोजे घालूनच उचलावे लागतात.

सामन माशासाठीच्या माश्यांना लावायच्या पिसांत सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेच्या पिसांना तोड नाही. त्यांचा दांडा टोकाकडे चपटा होऊन मेणासारखा चकचकीत, कडक ठिपका बनतो, आणि माशीच्या डोक्याशी बसवलेला तो ठिपका डोळ्यासारखा चमकतो. या पक्ष्याला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे, हे अगदी योग्यच झाले. परदेशातील कारागीर आता पिंजऱ्यात वाढवलेल्या पक्ष्यांची कातडी वापरतात. अशा कातड्याची चरबी आधी खरवडून काढतात, त्यावर सवागी, म्हणजे टाकणखार, चोळतात, ते पुठ्ठ्यावर ताणून वाळवतात, आणि शेवटी हवाबंद पिशवीत घालून गोठवतात, जेणेकरून उरलीसुरली अंडी आणि अळ्या थंडीने मराव्यात.