वसईचा किल्ला, खलाशांच्या हिरड्या आणि तेलात विरघळणारे 'क' जीवनसत्त्व

१/ 'व्हिटॅमिन सी' म्हटले की आज सीरमची छोटी बाटली डोळ्यांसमोर येते. या जीवनसत्त्वाचा इतिहास मात्र समुद्रावर सुरू होतो. पोर्तुगीजांना वसईपर्यंत घेऊन आलेल्या जहाजांवर. ते फार चटकन नासते, आणि त्यातच या इतिहासाची किल्ली आहे. #धागा

२/ २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने किल्ला जिंकेपर्यंत, दोनशेहून अधिक वर्षे, त्या सत्तेची नाळ लिस्बनहून गोव्यास येणाऱ्या सागरी वाटेशी जोडलेली होती. एका खेपेस साधारण सहा महिने लागत.

३/ या वाटेवर तोफांइतकीच भीती होती स्कर्व्हीची. १४९८ च्या ऑक्टोबरात वास्को द गामा परत निघाला. अरबी समुद्र ओलांडण्यास सुमारे तीन महिने लागले. खलाशांच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्या, सुमारे तीस जण दगावले. जहाजे चालविण्यास माणसे पुरेनात, म्हणून 'साओ राफाएल' जाळून टाकावे लागले.

४/ स्कर्व्ही त्वचेवरही दिसे : अंगावर रक्ताळलेले ठिपके, भरून आलेल्या जखमा पुन्हा उघडणे. कारण त्वचेला बांधून ठेवणारे कोलॅजेन नीट घडण्यासाठी 'क' जीवनसत्त्व लागते, आणि मानवी शरीर ते स्वतः तयार करू शकत नाही.

५/ १७४७ मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातील वैद्याने १२ रुग्णांवर सहा उपचार करून पाहिले. संत्री व लिंबू मिळालेले दोघे सर्वांत लवकर सुधारले. पण रस टिकावा म्हणून तो तापवून आटवावा, असेही लिंडनेच सुचविले. उष्णतेने जीवनसत्त्वाचा बराचसा भाग नष्ट होई. बाटली भरलेली, औषध मात्र उडालेले!

६/ पुढे सेंट-ग्यॉर्गी या हंगेरियन शास्त्रज्ञाने १९२८ मध्ये हा पदार्थ वेगळा काढला. नंतर त्याचा मोठा साठा त्यांना मिळाला तो लाल पाप्रिका मिरचीत. मिरची मूळची अमेरिकेची. भारतात ती पोर्तुगीजांबरोबर आली. १९३३ मध्ये रचना उलगडली, कृत्रिम निर्मितीही साधली. १९३७ मध्ये सेंट-ग्यॉर्गी व हॉवर्थ यांना नोबेल मिळाले.

७/ जुना प्रश्न मात्र उरलाच. हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळते, तेलात नाही. आणि पाण्यात हवा, प्रकाश व उष्णता यांनी ते नासते. १९४० च्या दशकात अमेरिकी संशोधकांनी त्याला स्निग्धाम्लाची शेपटी जोडून पाहिली. या घराण्यातले प्रसिद्ध नाव म्हणजे अस्कॉर्बिल पामिटेट. उद्देश सौंदर्याचा नव्हता. तेल-तूप खवट होऊ नये, एवढाच होता.

८/ प्रसाधनांत ही संयुगे नंतर आली. टेट्राहेक्झिलडेसिल अस्कॉर्बेटला तर अशा चार शेपट्या असतात. बाटलीत ती अधिक टिकतात. पण त्वचेत शिरून शेपटी तुटली, तरच मूळ जीवनसत्त्व मोकळे होते. २००१ मध्ये शेल्डन पिनेल व सहकाऱ्यांनी डुकराच्या त्वचेवर केलेल्या प्रयोगांत अस्कॉर्बिल पामिटेटमुळे त्वचेतील 'क' जीवनसत्त्वाची पातळी वाढली नाही.

९/ घरोघरच्या आवळ्याच्या तेलालाही हाच नियम. आवळ्यातील 'क' जीवनसत्त्व तेलात उतरत नाही, उकळण्याने आणखी घटते. तेलाचे इतर गुण असतील, हा नव्हे. वसईच्या बाजारातला ताजा आवळा किंवा पेरू खाल्ला, तर ते पोटात नक्की जाते.

१०/ लिंडच्या आटवलेल्या रसापासून आजच्या सीरमपर्यंत कसोटी एकच आहे : बाटलीत काय टिकले हे नव्हे, शरीरात काय पोहोचले हे मोजावे. लिंडच्या प्रयोगानंतरही खलाशी मरत राहिले. ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सर्रास देण्यास सुरुवात केली १७९५ मध्ये, म्हणजे त्या प्रयोगानंतर ४८ वर्षांनी.