ताणलेला उजेड

दोन वर्षांपूर्वी माझ्या पुतणीने डोळ्यांची शस्त्रक्रिया करवून घेतली आणि चौथीपासून नाकावर ठाण मांडून बसलेला चष्मा एकदाचा उतरवला. डॉक्टर म्हणाले, "पाते लागायचे नाही. प्रकाशानेच कापू, आणि तोही न दिसणारा." हे ऐकून वहिनींच्या हातातली जपमाळ तिथेच थांबली. मला मात्र त्या प्रकाशाचे कूळ शोधण्याचा नाद लागला.

१६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियातील मालिबू येथे थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर चमकवला. पुढे त्याचे स्पंद इतके आखूड झाले, की सेकंदाचे एक लाख कोटी भाग करावेत आणि त्यांतले मोजकेच घ्यावेत. पण तिथे गाडे अडले. स्पंद आखूड, म्हणजे सारी ऊर्जा एका क्षणात कोंबलेली. ती वाढवू जावे, तर ज्या काचेत वाढवायची तीच काच तडकायची. दूध उतू जाण्याआधी पातेलेच फुटावे, तशी गत!

तोड निघाली १९८५ साली, अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात. जेरार्ड मूरू हे फ्रेंच गुरू आणि डोना स्ट्रिकलँड ही त्यांची कॅनेडियन विद्यार्थिनी. रडारवाल्यांची एक जुनी युक्ती होती: लांब स्पंद पाठवावा आणि परतल्यावर दाबून आखूड करावा. हीच युक्ती त्यांनी प्रकाशाला लावली. स्पंद आधी ताणायचा, विरळ झाला की निर्धास्तपणे वाढवायचा आणि शेवटी पुन्हा दाबायचा. सांगायला किती सोपे! ताणण्यासाठी काचतंतू हवा होता अडीच किलोमीटर. पण तो मध्येच कुठेतरी तुटलेला निघाला. दुसऱ्या टोकाला उजेडच येईना! बऱ्याच खटपटीनंतर १.४ किलोमीटरवर भागवावे लागले. पण भागले. तंतूत लांब लहरी पुढे धावल्या, आखूड मागे रेंगाळल्या आणि स्पंद पसरला. निओडिमियम मिसळलेल्या काचेत तो वाढवला. मग बारीक रेघा कोरलेल्या दोन जाळ्यांमधून नेताना पुढच्या लहरींना लांबची वाट दिली, तेव्हा मागच्यांनी त्यांना गाठले. सहकारी स्टीव्ह विल्यमसन यांनी आपला मोजणीचा कॅमेरा ढकलत त्या खोलीत आणला आणि स्पंद खरोखरच आखूड झाल्याची खात्री पटली.

त्यातली ऊर्जा किती? शंभर ग्रॅमचे वजन एक मिलिमीटर उचलण्याइतकी! पण ती सेकंदाच्या लाख कोटींतल्या दोनच भागांत सुटे, म्हणून तेवढ्या क्षणापुरती शक्ती पन्नास कोटी वॅट. १९९६ साली लिव्हरमोर येथे हीच रीत पेटावॅटपर्यंत, म्हणजे एकावर पंधरा शून्ये इतक्या वॅटपर्यंत, जाऊन पोहोचली.

स्ट्रिकलँडबाईंचा तो पहिलाच शोधनिबंध. त्याबद्दल नोबेल मिळायला २०१८ साल उजाडले! पदार्थविज्ञानात तो मान मिळवणारी ती तिसरीच स्त्री. आधीच्या दोघी १९०३ आणि १९६३ सालच्या. उशिराचा हा हिशेब मला अजून खटकतो.

आणि डोळ्याचे? मूरू पुढे मिशिगनला गेले. तिथल्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात अपघाताने असा झोत शिरला. तपासणाऱ्या डॉक्टरांना जखम आश्चर्यकारक नेटकी दिसली. भोवतालचा भाग भाजलाच नव्हता. स्पंद इतका क्षणिक, की उष्णता पसरायला सवडच नाही. या अपघातातूनच शस्त्रक्रियेची वाट निघाली.

वहिनींना हे सारे सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, "त्या मुलाचा डोळा वाचला का हो?"