जिंतूरचा दवाखाना आणि परळचे कॉलेज

जनावरांच्या दवाखान्यासमोर लोखंडी खोडा, खोड्यात उभी केलेली गाय आणि बाजूला चिंतेत उभा असलेला तिचा मालक. जिंतूर तालुक्यातील मुलांना हे दृश्य नवे नाही. पण गाय तपासणाऱ्या डॉक्टरांना कोणी शिकवले आणि त्या शिकवणाऱ्यांना कोणी, असा प्रश्न वर्गात विचारला तर? आपण या साखळीच्या एकेका कडीने मागे जाऊ या.

जिंतूरहून जवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय परभणीचे. ते १९७२ साली सुरू झाले, आणि २००० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे आले. त्याआधीचे हैदराबादचे, १९४६ सालचे. तेव्हा जिंतूर निजामाच्या राज्यात होते. त्याहून मागे गेलो की आपण मुंबईत परळला पोहोचतो. तिथे दिनशा माणकजी पेटिट यांनी दिलेल्या देणगीतून बाई साकरबाई यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ उभे राहिले, आणि त्याच आवारात १८८६ साली मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याचे पहिले प्राचार्य होते जॉन हेन्री स्टील.

स्टील यांचा जन्म १८५५ सालचा. वडील लष्करात पशुवैद्य होते. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजात स्टील शिकले आणि तिथेच शरीररचनाशास्त्र शिकवूही लागले. त्या काळी या शास्त्राचे सारे लक्ष घोड्याकडे असे. सैन्य घोड्यावर चालत होते. स्टील यांनी मात्र १८८१ साली बैलाच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. शेती बैलावर चालणाऱ्या देशात पुढे त्यांना शिकवायचे होते, हे लक्षात घेतले म्हणजे या गोष्टीचे महत्त्व कळते.

परळला येण्यापूर्वी त्यांच्यावर एक कामगिरी सोपवण्यात आली होती. ब्रह्मदेशात सैन्याची ओझ्याची खेचरे मरत होती. ताप चढे, उतरे, पुन्हा चढे. जनावर खंगत जाई, रक्त पांढुरके होई. या रोगाला आपल्याकडे ‘सर्रा’ म्हणतात. ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने १८८० साली डेरा इस्माइल खान येथे आजारी घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात वळवळणारे सूक्ष्म जीव पाहिले होते आणि रोगाचे कारण हेच, असे म्हटले होते. परंतु कलकत्त्याच्या टिमथी लुईस यांना तसेच जीव निरोगी उंदरांच्या रक्तातही आढळले होते. मग ते रोगाचे कारण कसे? शंका रास्त होती.

स्टील यांनी १८८५ साली आजारी खेचरांचे रक्त तपासले. त्यांनाही ते जीव दिसले. त्या रक्ताने रोग दुसऱ्या जनावरांत जातो, हेही त्यांनी प्रयोगाने दाखवले. इव्हान्स यांचे म्हणणे असे बळकट झाले. मात्र हे जीव म्हणजे मळसूत्री आकाराचे जंतू आहेत, अशी स्टील यांची समजूत झाली. ती चुकीची होती. ते ट्रिपॅनोसोमा या गटातील एकपेशीय प्राणी ठरले. तरीही स्टील यांनी दिलेले ‘इव्हान्साय’ हे नाव टिकले. आजही या परजीवीला आपण ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय म्हणतो. गटाचे निदान चुकले, पण प्रयोग खरा ठरला. विज्ञानात असे होते, हे मुलांना सांगायला हरकत नाही.

रोग पसरतो कसा, हे पुढे कळले. चावरी गोमाशी एका जनावराचे रक्त पिताना शेपटीने हाकलली जाते आणि लगेच दुसऱ्याला चावते. तोंडाला लागलेल्या ओल्या रक्तातून परजीवी पोचतो. हिवतापाच्या परजीवीची डासाच्या शरीरात वाढ व्हावी लागते. इथे तशी गरज नसते.

परळच्या कॉलेजात स्टील शिकवत, इस्पितळात जनावरे पाहत आणि लिहीतही असत. प्रकृती साथ देत नव्हती. १८९१ साली, पस्तिशीच्या सुमारास, मुंबईतच त्यांचा मृत्यू झाला. प्राचार्यपदाला जेमतेम पाच वर्षे झाली होती. इंग्लंडमधील पशुवैद्यांच्या संस्थेने त्यांच्या नावाने पदक सुरू केले. पण त्यांचे खरे स्मारक म्हणजे तो वर्ग. मुंबई इलाख्यातील पशुवैद्यांच्या पिढ्या त्याच परळच्या आवारातून बाहेर पडल्या.

ही गोष्ट इथेच संपत नाही. सर्रा माणसाला होत नाही असे सर्वजण मानत होते. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला वारंवार ताप येऊ लागला. रक्ताच्या काचपट्टीवर दिसला तो इव्हान्स-स्टील यांचाच परजीवी! माणसात या रोगाची अशी खात्रीशीर नोंद जगात प्रथमच झाली. औषधाने तो शेतकरी बरा झाला. आपल्या रक्तात एक प्रथिन असते. ते या परजीवीला मारते. या रुग्णात जनुकीय दोषामुळे ते प्रथिनच नव्हते. आपण सारे रोज कशाच्या जोरावर वाचतो, हे त्या एका आजाऱ्यामुळे समजले.

म्हणून सुचवतो, एकदा वर्ग घेऊन जनावरांच्या दवाखान्यात जा. डॉक्टरांना वेळ असेल तेव्हा एखादी रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायची विनंती करा. आणि परत येताना मुलांना विचारा : गोठ्यातला रोग कळला नाही, तर नुकसान फक्त गोठ्याचेच होते का?